कळफलक, कोरम आणि करंगळी

कीबोर्ड सरळ मेला असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. मेलेल्या कीबोर्डाचं काय असतं? भंगारवाल्याला द्यायचा आणि कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत नव्या खरेदीवरून अर्धा तास भांडायचं. पण आमच्या सोसायटीचा कीबोर्ड धड मरतही नव्हता आणि धड जगतही नव्हता. कॉम्प्युटर चालू केला की तो ठणठणीत असायचा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की एफ-टू दाबा, आतल्या सेटिंगचं पान उघडायचं. बाण दाबा, पट्टी वर-खाली व्हायची. पासवर्ड टाका, तोही मुकाट्यानं घ्यायचा. मग विंडोज पूर्ण उघडलं, मागे डोंगराचं चित्र आलं, की हा गप्प. अक्षर उमटेल तर शपथ. आमच्या वॉचमनचंही असंच आहे. फाटक उघडताना टक्क जागा. गाडी आत गेली की संपलं.

तारीख होती १३ सप्टेंबर, आणि घोळ सगळा तारखेचाच होता.

मी डोंबिवली पूर्वेच्या एका अठ्ठेचाळीस सदनिकांच्या सोसायटीचा मानद सेक्रेटरी आहे. 'मानद' या शब्दातली मान माझी असून ती खाली घालायची असते, हे मला निवडून आल्यावर कळलं. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांनी वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी असा कायदा आहे. आमची सभा दरवर्षी ३० तारखेलाच असते. आधी घेतली तर सभासदांना वाटतं, यांना काहीतरी लपवायचंय. या सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. 'पूर्ण' म्हणजे नोटिशीचा दिवस धरायचा नाही आणि सभेचाही धरायचा नाही. बोटं मोजून बघा, १५ सप्टेंबर येतो. माझ्याकडे दोन दिवस होते, विषयपत्रिका अर्धी टाइप झालेली होती, आणि कीबोर्ड डोंगराचं चित्र बघत बसला होता.

बाहेरून टाइप करून घ्या, असं तुम्ही म्हणाल. खजिनदारही तेच म्हणाले, फक्त त्यांनी पुढे 'तीन कोटेशनं मागवून' असं जोडलं. पण खरं कारण वेगळं होतं. माझ्याकडे मराठी टंकलेखनाचं चाळीस शब्दांचं सर्टिफिकेट आहे. ते मी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गोदरेजच्या यंत्रावर घाम गाळून मिळवलंय. आमचे सर हातात लाकडी पट्टी घेऊन रांगांमधून फिरायचे. त्यांचे दोन नियम होते. पहिला: कळ दाबायची नाही, ठोकायची, बोटाला चटका बसल्यासारखं लगेच उचलायचं. दुसरा: अक्षर डाव्या हाताचं असेल तर शिफ्ट उजव्या करंगळीनं, अक्षर उजव्या हाताचं असेल तर डाव्या. नियम मोडला की पट्टी करंगळीवरच बसायची. असा घडलेला माणूस स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन 'जरा एवढं टाइप करून द्या' म्हणेल? पुढे कॉम्प्युटर आला, कळफलक बदलला, रेमिंग्टनची सवय मोडून मी इन्स्क्रिप्ट शिकलो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. अक्षरांची घरं बदलली, पण पट्टीची भीती बोटांत तशीच राहिली. आजही मी टाइप करतो तेव्हा ऑफिसाखालच्या पंपरूममध्ये आवाज जातो.

उपचारांना सुरुवात घरातून झाली. हिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "अहो, शेवटचा कधी पुसला होता?"

कीबोर्ड उलटा करून वर्तमानपत्रावर झटकला. त्यातून जे पडलं त्याला कचरा म्हणणं चूक ठरेल. तो कार्यकारिणीच्या तीन वर्षांच्या सभांचा अल्पोपाहार होता. वर शेव होती, म्हणजे खजिनदार. त्याखाली साबुदाण्याच्या चिवड्याचे दाणे, म्हणजे आषाढी एकादशीची ती सभा, जिच्यात रंगकामाचा ठराव बारगळला. सगळ्यात खाली एक टाचणी आणि वाळलेली लवंग. लवंग कुणाची, यावर अजून एकमत नाही. आमच्या इतिवृत्तापेक्षा ही नोंद जास्त खरी होती. कीबोर्ड चकचकीत झाला. विंडोज उघडलं. कीबोर्ड चकचकीत आणि गप्प.

मग भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीला असतो आणि त्याच्या आवाजात कायम मीटिंगमधून बाहेर आल्याचा भाव असतो.

"मामा, रिस्टार्ट केलंत का?"

"बंद करून चालू केला. चार वेळा."

"बंद करून चालू नाही हो, रिस्टार्ट."

इथे मला वाटलं, पोरगा सूत आणि धागा असा फरक करतोय. पण त्यानं समजावलं ते खरं निघालं. विंडोज ८ आलं २०१२ साली, तेव्हापासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणं नव्हेच. सकाळी लवकर उघडता यावं म्हणून विंडोज आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलून पुढे सुरू होतं. काल डोक्यात काही बिघाड असेल तर तोही जपलेला. 'रिस्टार्ट'मध्ये मात्र सगळं पुसून पहिल्यापासून मांडामांड होते. म्हणजे बंद केलेला कॉम्प्युटर बंद नसतो, आणि न बंद केलेला खरा बंद होतो. आमच्याकडे निघतो म्हणून उठलेले पाहुणे दारात पाऊण तास उभे राहतात, त्यातला प्रकार. रिस्टार्ट केला. काही नाही.

"आता डिव्हाइस मॅनेजर उघडा. त्यात कीबोर्ड्स. माउसनं राइट क्लिक. अनइन्स्टॉल."

"काढून टाकू? अरे, आधीच चालत नाहीये."

"काढा मामा. रिस्टार्टनंतर आपोआप परत येतो."

काढला. परत आला. राजीनामा दिलेला कार्यकारिणी सदस्य पुढच्या महिन्यात बिनविरोध निवडून येतो तसा, आणि आल्यावर काम तितकंच. पुढे त्यानं वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबीला मधूनच झोपवतं ती सेटिंग काढायला लावली, कीबोर्डाची पिन मागच्या बाजूच्या भोकात लावायला सांगितली, आणि शेवटी "मामा, कॉल आलाय" म्हणून गेला. 'हार्डवेअर असेल' हे तो जाता जाता म्हणाला. सॉफ्टवेअरवाले कोड्यात अडकले की हार्डवेअर असतं.

१४ तारखेला हार्डवेअरवाला आला. त्यानं कीबोर्डाकडे पाहिलंच नाही. दातांतून हवा आत ओढली, जशी सगळे मेकॅनिक, प्लंबर आणि दाढदुखीचे डॉक्टर ओढतात, आणि म्हणाला, "मदरबोर्ड." मी म्हटलं, सुरुवातीला चालतो की. तो म्हणाला, "तेच तर." या 'तेच तर'वर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. तरी खात्री म्हणून त्यानं पिशवीतून चारशे रुपयांचा नवा कीबोर्ड काढून लावला. नव्यानं सुरुवातीला एफ-टू घेतलं, पासवर्ड घेतला, आणि डोंगर दिसताच मान टाकली. तेव्हा मला आठवलं की माळ्यावर जुना एक आहे, गोल जांभळ्या पिनेचा. या पिना १९८७ साली आयबीएमच्या पीएस/२ कॉम्प्युटरांबरोबर आल्या. पुढे रंग ठरले, कीबोर्डला जांभळा, माउसला हिरवा. आमचा कॉम्प्युटर एका सभासदानं मुलगा अमेरिकेला गेल्यावर सोसायटीला दान केलेला, त्यामुळे त्याला दोन्ही भोकं आहेत. ही पिन कॉम्प्युटर बंद असतानाच लावायची असते. माझ्या पहिल्या खटपटीत ती नीट बसली नाही, आणि पडद्यावर आलं: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. हे वाक्य लिहिणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्याकडे सोसायटीचा पत्रव्यवहार सोपवीन.

पिन नीट बसवली. जांभळ्यानंही तेच केलं.

आता टेबलावर तीन कीबोर्ड होते, एकाच वेळी, एकाच आजारानं आडवे. इथे माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. तीन सेक्रेटरी बदलूनही चौथ्या मजल्यावर पाणी चढत नसेल तर दोष सेक्रेटरीत नसतो, हे मी स्वतः सभेत ओरडून सांगितलंय. पण स्वतःच्या टेबलावर तेवढी अक्कल चालत नाही. हार्डवेअरवाल्यानं निकाल दिला, "फॉरमॅट मारावा लागेल." त्यात हिशेबही गेले असते. खजिनदारांचा चेहरा क्षणभर उजळल्याचा मला भास झाला.

१५ तारखेला दुपारी मी हट्टाला पेटलो. माउस तर चालत होता. मागच्या वर्षीची नोटीस उघडली आणि तिच्यातली अक्षरं एकेक उचलून अर्ध्या राहिलेल्या विषयपत्रिकेत चिकटवायला घेतली. हिंदी सिनेमातले अपहरणवाले वर्तमानपत्रातून अक्षरं कापून खंडणीची चिठ्ठी बनवतात ना, तसं. पाऊण तासात उरलेल्यांतले चार विषय झाले, कारण ते दरवर्षी तेच असतात. पुढचा विषय होता लिफ्टची दुरुस्ती. 'लि' मला 'लिखित अहवाल'मधून मिळाला. 'फ' मिळेना. मागच्या वर्षी लिफ्ट चालू होती, त्यामुळे अख्ख्या नोटिशीत 'फ' नव्हता. फ्लॅटला आम्ही कागदोपत्री सदनिका म्हणतो आणि फंडाला निधी. शुद्ध मराठीचा असा तोटा होईल असं कधी वाटलं नव्हतं. जुन्या फायली उघडत गेलो. शेवटी 'फ' सापडला तो बी विंगच्या आक्षेपकाकांना मी रागानं लिहिलेल्या आणि कधीच न पाठवलेल्या एका उत्तरात: 'आपण फक्त आक्षेपच घेता.' तिथून 'फ' उचलला, 'कोरमची अट'मधून 'ट' घेतला, आणि 'लिफट' एवढं जमलं. जोडाक्षर काही जमलं नाही.

आक्षेपकाकांविषयी सांगायला हवं. वय पंच्याहत्तर. दर महिन्याला सोसायटीला एक पत्र, टाइप केलेलं, तीन-चार पानी, उपविधींच्या कलमांसकट. पत्रात एक काना इकडचा तिकडे नाही. मी टायपिंगवाला माणूस, मला चूक दिसल्याशिवाय राहत नाही. गेल्या सहा वर्षांत मला त्यांच्या पत्रात एकही सापडलेली नाही, आणि आमच्यातल्या वैराचं हे एक मोठं कारण आहे.

ते त्या संध्याकाळी सात वाजता आले. हातात अर्थातच पत्र. आवक शिक्का मारून पोच हवी होती.

"नोटीस लागली नाही अजून," ते म्हणाले.

"कीबोर्ड बंद आहे," मी म्हटलं. माझ्या आवाजात रडू होतं असं ही नंतर म्हणाली. ती चहा घेऊन आली होती.

काका खुर्ची ओढून बसले. त्यांच्या उजव्या हाताला कंप आहे, तो ते नेहमी डाव्या हाताखाली धरून ठेवतात. मी त्यांच्याशी सहा वर्षं भांडतोय, पण त्या हाताकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. ते पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे घड्याळ तुम्ही लावलंत?"

"कुठलं घड्याळ?"

त्यांनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं, बोट थोडं हललं. वेळ दाखवणाऱ्या आकड्यांजवळ एक चिमुकलं स्टॉपवॉच होतं. मी ते दोन दिवस बघत होतो. मला वाटलं, वेळेशेजारी घड्याळ असणारच.

"एक कळ दाबा. आणि धरून ठेवा."

"धरून?" माझ्या करंगळीला पट्टी आठवली.

"धरा हो."

मी 'न'ची कळ दाबून धरली. एक सेकंद गेला. आणि पडद्यावर 'न' उमटला. इतका देखणा 'न' मी आयुष्यात पाहिलेला नाही.

"चालू आहे तो," काका म्हणाले. "तुम्ही घाईत आहात."

त्याचं नाव फिल्टर कीज. काकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर ही सोय कायम चालू असते. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्या बोटाचा चुकून चार कळांना स्पर्श होतो. म्हणून विंडोज अशा ओझरत्या स्पर्शांकडे दुर्लक्ष करतं आणि जी कळ ठरलेला वेळ धरून ठेवली तेवढीच खरी मानतं. मुळात नेमलेला वेळ एक सेकंद. काकांनी तो कमी करून अर्धा केलाय. ही सोय आजची नाही, विंडोज ९५ पासून आत बसलेली आहे. हिला चटका बसल्यासारखं बोट उचलणारा चाळीस शब्दांचा टंकलेखक म्हणजे निव्वळ थरथर. दोन दिवस मी ठोकत होतो आणि यंत्र समजुतीनं सोडून देत होतं.

बाकीची कोडी मग भराभर सुटली. सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर विंडोज नसतंच, म्हणून एफ-टू चालायचं. ही सेटिंग ज्याच्या त्याच्या खात्यात जपलेली असते, म्हणून पासवर्ड टाकून खातं उघडेपर्यंत कीबोर्ड मोकळा असायचा. कीबोर्ड बदलून काही होणार नव्हतं; बसणारा मीच होतो आणि खातं तेच. कॅप्स लॉकचा दिवा लागत नव्हता तो कीबोर्ड मेला म्हणून नव्हे, मी तीही कळ ठोकून सोडत होतो म्हणून. आणि दर ठोक्याला कॉम्प्युटर टिक टिक करून सांगतही असणार. स्पीकर मी गणपतीत बंद केला होता, कार्यकारिणीच्या एका सदस्यानं त्यावर आरती लावली तेव्हा.

"पण हे चालू कुणी केलं?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर खजिनदार होते.

"उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की होतं," काका म्हणाले. "आधी विचारतं, चालू करू का म्हणून. 'हो' म्हटल्याशिवाय करत नाही."

आता कबुली. १२ तारखेच्या रात्री मी विषय क्रमांक सातवर होतो. सातवा विषय आक्षेपकाकांचा. तिथे 'आक्षेप' लिहावं की सौम्यपणे 'सूचना' लिहावं, यावर मी अडलो होतो. इन्स्क्रिप्टमध्ये 'आ' डाव्या हाताच्या कळीवर आहे, शिफ्टसकट. डाव्या हाताचं अक्षर म्हणजे शिफ्ट उजव्या करंगळीनं, सरांचा नियम. करंगळी शिफ्टवर तयार, बोट 'आ'वर तयार, आणि मन तयार नाही. किती वेळ बसलो होतो? आठ सेकंद नक्की. पडद्यावर एक चौकट आली. तिच्यात काहीतरी इंग्रजी मजकूर होता आणि खाली 'येस' आणि 'नो'. मी माउसनं 'येस' दाबलं, कॉम्प्युटर बंद केला आणि जेवायला गेलो. सभासद न वाचता परिपत्रकांवर सह्या करतात म्हणून दर सभेत मी पंधरा मिनिटं बोलतो. ती पंधरा मिनिटं यंदा विषयपत्रिकेतून वगळली आहेत.

काकांनी मला उजवी शिफ्ट आठ सेकंद धरायला लावली. स्टॉपवॉच गेलं. मी ठोकायला लागलो आणि पंपरूमपर्यंत आवाज जायला लागला. काका पोच घेऊन निघाले. त्यांचं पत्र चार पानी होतं. पानाला दीड हजार ठोके धरले तर सहा हजार होतात. प्रत्येकी अर्धा सेकंद. म्हणजे नुसती कळ धरून ठेवण्यातच पन्नास मिनिटं, विचार करणं वेगळं. मी हा हिशेब केला तेव्हा पहिल्यांदा त्यांचं पत्र पूर्ण वाचलं. लिफ्टबद्दल होतं. त्यांचं बरोबर होतं. निम्म्या गोष्टींत.

नोटीस मी रात्री नऊ चाळीसला फलकावर लावली. 'लिफ्ट' जोडाक्षरासकट. सातव्या विषयात 'आक्षेप' लिहिलं, न थांबता.

१६ तारखेला सकाळी आक्षेपकाकांचं पत्र आलं. दोन पानी. सोसायटीचं कार्यालय रात्री आठला बंद होतं. त्यानंतर लावलेली नोटीस दुसऱ्या दिवसाची धरावी लागते. सबब पूर्ण चौदा दिवस भरत नाहीत, तेराच भरतात. पत्रात एकही चूक नव्हती.

सभा ३० तारखेला सकाळी दहा वाजता गच्चीवर झाली. कोरमला वीस सभासद लागतात, अकरा आले. नोटिशीत लिहिल्याप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब केली आणि कोरमची अट उरली नाही. साडेदहाला सुरू केली तेव्हा नऊ होते. पहिल्या रांगेत आक्षेपकाका होते, डाव्या हाताखाली उजवा हात धरून.